पाट, मेर आणि संगणक

लाटंबार्से हा डिचोली तालुक्यातील, दोडामार्गच्या सीमेजवळचा गाव. येथील शेतकरी वायंगणाला पाटाचे पाणी लावतो तेव्हा सारा पाट एकदम मोकळा करीत नाही. प्रथम थोडे पाणी सोडतो, शेताची मेर टिकते की नाही ते पाहतो, आणि मगच वाट रुंद करतो. संगणकाच्या आज्ञावलीतील बदल लोकांपर्यंत कसे पोहोचवावेत, हा आजचा वाद त्याला फारसा अपरिचित वाटू नये.

एक पक्ष म्हणतो, प्रत्येक बदल समितीपुढे यावा आणि वरिष्ठांची सही झाल्यावरच अमलात यावा. दुसरा म्हणतो, यंत्रानेच तो तपासावा आणि यंत्रानेच सर्वत्र धाडावा.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या अमेरिकन कंपनीने एक सदोष फाईल जगभर एकाच वेळी पाठविली. तपासणाऱ्या आज्ञावलीतच उणीव असल्यामुळे दोष नजरेआड झाला. ७८ मिनिटांत फाईल मागे घेतली गेली. तोवर सुमारे ८५ लक्ष संगणक बाधित झाले होते. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

तथापि विलंबही निरुपद्रवी नसतो. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक भगदाड बुजविणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी दिली. जेथे ती बसविलीच गेली नव्हती, अशा असंख्य संगणकांत १२ मे रोजी 'वॉनाक्राय' शिरला, आणि ब्रिटनच्या रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. रोग्याच्या दृष्टीने घाई आणि दिरंगाई यांचे फळ एकच.

मग सहीने सुरक्षितता येते काय? फोर्सग्रेन, हंबल व किम यांनी २०१८ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे, की बाहेरच्या समितीच्या मंजुरीने काम मंदावते, बिघाड मात्र कमी होत नाहीत. कारण उघड आहे. सही करणारा पुष्कळदा अर्ज वाचतो, आज्ञावली वाचत नाही.

म्हणून बदल लहान असावा, जाणत्या सहकाऱ्याने तो वाचावा, प्रथम थोड्या संगणकांवर जावा आणि बिघडल्यास परत घेता यावा. क्राउडस्ट्राइकनेही पुढे टप्प्याटप्प्याने पाठविण्याची रीत स्वीकारली. जेथे चूक परतविता येत नाही, तेथे मात्र विषय समजणाऱ्या माणसाची संमती अवश्य घ्यावी.

पाट यंत्राने उघडला तरी हरकत नाही. मेरेवर कोणीतरी जागे असावे, आणि पाणी अडविण्याचा अधिकार त्याच्या हाती असावा.