अनाथ बालकांचे घर आणि चर्चची जबाबदारी

(बार्देश तालुक्यातील चर्चचे प्रतिनिधी, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या मेळाव्यात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



अनाथ बालकांच्या संगोपनात चर्चने, आणि चर्चमध्ये येणाऱ्या मुलांनी, कोणता वाटा उचलावा या विषयावर मी बोलावे असे सुचविण्यात आले, तेव्हा मला थोडा संकोच वाटला. मी ख्रिस्ती नाही. धर्माचरणाविषयी आपणांस काही सांगण्याचा माझा अधिकार नाही. याकोबाच्या पत्राने अनाथ आणि विधवा यांची विचारपूस भक्तीच्या केंद्रस्थानी आणून ठेवली आहे, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. माझा व्यवसाय प्रसिद्धीचा. म्हणून त्या व्यवसायातल्या माझ्या एका चुकीपासूनच प्रारंभ करतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, नोकरीत नवा असताना, नाताळच्या सुमारास मी एका बालगृहात गेलो होतो. मान्यवर पाहुणे आले होते. दोदोल, नेवऱ्या आणि खाऊच्या पिशव्या वाटल्या जात होत्या. छायाचित्रासाठी मी नऊ-दहा वर्षांचा एक हसतमुख मुलगा निवडला. पहिले छायाचित्र हलले, दुसऱ्यात पाहुण्यांचे डोळे मिटले, म्हणून तीच पिशवी मी त्याला तीन वेळा घ्यायला लावली. छायाचित्र छापून आले आणि मला शाबासकी मिळाली. पुढे दोन महिन्यांनी अन्य कार्यक्रमासाठी एका शाळेत गेलो असता तेथील शिक्षिकेने मला बाजूला घेऊन सांगितले की, तो मुलगा त्यांच्याच वर्गात आहे. आपले वडील तारवटी असून बोटीवर आहेत, असे त्याने वर्गात सर्वांना सांगून ठेवले होते. छायाचित्र आले, आणि त्याची बोट एका दिवसात बुडाली. तेव्हापासून मधल्या सुट्टीत तो वर्गाबाहेर पडत नसे.

आज असे छायाचित्र छापणे हा गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र, ज्यायोगे त्याची ओळख पटेल असे काहीही, प्रसिद्ध करता येत नाही. चर्चच्या मासिकालाही हा नियम लागू आहे आणि भ्रमणध्वनीवरून पाठविल्या जाणाऱ्या चित्रांनाही. परंतु मी ही गोष्ट सांगितली ती कायद्यासाठी नव्हे. त्या दिवशी त्या मुलाला खाऊ मिळाला. मात्र देणारे आणि घेणारा यांच्यामधले अंतर सर्व गावाला दिसेल अशा रीतीने आम्ही ते छापून काढले. अनाथाला जवळ करावयाचे आणि त्याच कृतीने त्याचे निराळेपण पक्के करावयाचे, ही चूक माझ्यापासून सुरू झालेली नाही. गोव्याच्या इतिहासात ती पुष्कळ मागे जाते.

पोर्तुगालमध्ये १४९८ साली राणी लिओनोर हिच्या आश्रयाने मिझेरिकोर्दिया या दयाकार्याच्या संस्थेचा आरंभ झाला. तिची शाखा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच गोव्यात आली. रुग्णसेवा, बंदिवानांना मदत, निराधारांचा अंत्यविधी अशी अनेक कामे या संस्थेने केली. सोळावे शतक संपता संपता आर्चबिशप मेनेझिस यांच्या काळात अनाथ मुलींसाठी नोसा सेन्योरा द सेर्रा हे आश्रयगृह जुन्या गोव्यात उभे राहिले. तत्पूर्वी शतकाच्या मध्यापासून पोर्तुगालच्या राजाच्या खर्चाने अनाथ मुली जहाजांतून गोव्याला पाठविल्या जात. त्यांना राजाच्या अनाथ कन्या म्हणत. त्यांच्याशी विवाह करणाऱ्यास हुंडा म्हणून सरकारी अधिकारपद देण्याची प्रथा होती. मुलीची सोय झाली हे खरे. पण ती सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून कोणाच्या हाती जाणार, याचा निर्णय तिचा नसे.

याच काळातील आणखी एक गोष्ट टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १५५९ च्या राजाज्ञेने हिंदूंची अनाथ मुले ताब्यात घेऊन धर्मसंस्थेकडे सोपवावीत आणि त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढवावे असे ठरविण्यात आले. पुढे पुढे पिता निवर्तला की आई हयात असतानाही मूल अनाथ समजले जाऊ लागले. जुनी भांडणे उकरण्यासाठी मी हे सांगत नाही. ‘अनाथ’ हा शब्द मुलाला त्याच्या माणसांपासून तोडण्यासाठीही वापरता येतो, एवढेच त्यावरून ध्यानात घ्यावयाचे.

त्यानंतरची गोष्ट मात्र घराघरांतली आहे, आणि येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी ती डोळ्यांनी पाहिली असेल. ‘पोसकें’ हा शब्द मुलांना कदाचित ठाऊक नसेल. एखाद्या भाटकाराच्या मोठ्या घरात अनाथ, विवाहबाह्य जन्मलेले किंवा अतिदरिद्री घरचे मूल आणून वाढवीत, ते पोसकें. त्याचा बाप्तिस्मा होई, कधी त्याला घराण्याचे आडनावही मिळे. त्याला अन्न, वस्त्र आणि डोक्यावर कौले मिळत. ज्या काळी अशा मुलासमोर दुसरा मार्ग उपासमारीचा होता, त्या काळी हे थोडे नव्हते. काही घरांत खरी माया होती. मालकीणबाईंच्या अखेरच्या आजारात उशाशी बसलेली पोसकी अनेकांनी पाहिली असेल.

परंतु बहुतेक घरांत त्याच मुलाला विहिरीचे पाणी ओढावे लागे, भांडी घासावी लागत, घरातली लेकरे शाळेत गेली की मागे राहून केर काढावा लागे. त्याचे जेवण स्वयंपाकघरात, सर्वांच्या नंतर. घरातील मुलांची लग्ने झाली, वाटण्या झाल्या. पोसकें मात्र पुष्कळदा अविवाहितच राहून त्याच घरात म्हातारे झाले, आणि मृत्युपत्रात त्याचे नाव शोधून सापडले नाही. सुप्रसिद्ध वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१७ मध्ये या माणसांवर पुस्तक लिहिले, तेव्हा अनेक घरांतील वयस्क मंडळींनी प्रथमच या विषयावर तोंड उघडले असेल. आमच्या घरांतही आश्रित म्हणून आणलेली पोरकी मुले अशीच राबत, तेव्हा मी बोट दाखवितो आहे ते एका समाजाकडे नव्हे.

या घरांनी दया केली नाही असे कोण म्हणेल? दया पुष्कळ होती. त्या दयेवर देखरेख नव्हती, आणि पोसलेले मूल व पोटचे मूल यांना एकाच पाटावर बसविण्याची तयारी नव्हती.

या तयारीचे उदाहरण पाहावयाचे तर आपणांस गोव्याबाहेर, पुणे जिल्ह्यातील केडगावला जावे लागेल. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. दुष्काळाच्या दिवसांत तीर्थयात्रा करीत फिरत असता १८७४ साली त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, त्यामागोमाग आई आणि मग थोरली बहीण. सोळा वर्षांची ही मुलगी भावासह अन्नावाचून पायी भटकली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून पुष्कळ पालकांनी आपल्या मुली तेथून काढून नेल्या. दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्यावर रुष्ट होते असा तो काळ. तरीही १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया सोबत घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

संख्येपेक्षा मला तेथील दिनक्रम महत्त्वाचा वाटतो. मुली शेती करीत, माग चालवीत, घाण्यावर तेल काढीत, शाळेत शिकत आणि पुढे त्याच शाळेत शिकवीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. खिळे जुळविणाऱ्या हातांत दुष्काळात वाचलेल्या मुलींचे हात होते. स्वतः उपाशी फिरलेल्या बाईला, पोरक्या मुलीला केवळ घास नव्हे तर हुन्नर लागतो, हे कोणी सांगावे लागले नाही.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. बालगृहात राहणारी सर्वच मुले आईबाप गमावलेली असतात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यांतील पुष्कळांची आई किंवा वडील हयात असतात. नवरा वारला, भाड्याची खोली सुटली, आईला दिवसभर कामावर जावे लागते, मुलाला कोठे ठेवावे हे कळत नाही, म्हणून ते संस्थेत येते. अशा मुलासाठी नवे अनाथालय बांधण्यापेक्षा त्याच्या आईची खोली टिकविणे स्वस्त पडते आणि मुलालाही तेच हवे असते. २०१५ च्या अधिनियमाने हेच तत्त्व मान्य केले आहे: मुलाचे स्थान प्रथम कुटुंबात, आणि संस्था हा शेवटचा उपाय.

याच हेतूने त्यात प्रायोजकत्वाची तरतूद आहे. २०२२ पासूनच्या मिशन वात्सल्य योजनेत पात्र बालकासाठी दरमहा ४,००० रुपये ठरविण्यात आले असून, विधवा आईकडे किंवा आजीआजोबांकडे वाढणारे मूलही अटी पूर्ण करीत असल्यास त्यात बसू शकते. मात्र अर्ज करावा लागतो, दाखले जोडावे लागतात, आणि जिला ही मदत सर्वाधिक हवी ती आजी कचेरीच्या पायऱ्या चढायला भिते. या कामी चर्चचा उपयोग शासनाला जेवढा होईल तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणाचा होईल. वाड्यावरच्या क्रूसासमोर लादाईन होते तेव्हा कोणत्या घरातून कोणी आले नाही, हे सर्वांना कळते. व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीचे सभासद १८३३ पासून, म्हणजे संस्था पॅरिसमध्ये निघाली तेव्हापासून, गरिबांच्या घरी प्रत्यक्ष जाण्याचा नेम पाळीत आले आहेत. त्यांनी आपल्या भेटीत अर्जाचा कागद बरोबर न्यावा. फाब्रिकाच्या निधीतून वर्षाकाठी एका मुलाची फी, एका घराचे थकलेले भाडे भागविले, तर एक मूल बालगृहाच्या दारापर्यंत जाणार नाही.

ज्याला खरोखर कोणीच नाही, अशा बालकाविषयी दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. असे मूल आढळल्यास ते परस्पर कोणाच्या घरी ठेवू नये, मग ते घर कितीही सज्जनाचे असो. १०९८ या क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवावे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला माहिती पोहोचेल असे पाहावे. तसेच नोंदणी नसलेले बालगृह चालविणे हा दंडनीय गुन्हा आहे; चांगल्या हेतूने काढलेल्या वसतिगृहांनीही हे तपासून घ्यावे. ज्या दांपत्यांना मूल वाढविण्याची इच्छा आहे त्यांच्यासाठी दत्तकविधानाचा मार्ग सर्वधर्मीयांना सारखाच खुला आहे. ज्यांना काही काळापुरते मूल सांभाळावयाचे आहे त्यांच्यासाठी प्रतिपालनाची तरतूद आहे. त्यात शिक्षण, आरोग्य आणि पोषण यांची जबाबदारी त्या कुटुंबावर असते, आणि समितीने दरमहा पाहणी करावी असा नियम आहे. त्या पोसक्या मुलांच्या दारात असा कोणी महिन्यातून एकदा येऊन गेला असता, तर किती आयुष्ये निराळी झाली असती, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

बालमित्रांनो, आता तुमच्याशी बोलतो. १८४३ साली फ्रान्समधील बिशप फोर्बां-जांसों यांनी मुलांनी मुलांना साह्य करावे या कल्पनेवर ‘होली चाइल्डहूड’ ही संस्था काढली. प्रत्येक मुलाने महिन्याला एक लहानसे नाणे द्यावे आणि रोज एक छोटी प्रार्थना म्हणावी, एवढीच तिची मागणी होती. नाणे द्यायला तुमची हरकत नसेलच. पण तुमच्याजवळ नाण्याहून मोलाची वस्तू आहे, ती म्हणजे बाकावरची तुमच्या शेजारची जागा. तुमच्या वर्गात बालगृहातून येणारा मुलगा असेल, तर त्याच्या घराविषयी खोदून विचारू नका. तो वडील बोटीवर आहेत म्हणाला, तर असू द्यात. त्याला फुटबॉलच्या संघात घ्या, आणि तो वाईट खेळला तर इतरांना जसे ओरडता तसेच त्यालाही ओरडा. नाताळात तुम्ही बालगृहात खाऊ घेऊन जाता, ते चांगले आहे; परंतु फेब्रुवारीत, जेव्हा कोणी फिरकत नाही, तेव्हा गणिताच्या वह्या घेऊन जाऊन त्यांच्याबरोबर अभ्यासाला बसा. एक सूचना: तेथील काही मुले गणितात तुमच्यापेक्षा पुढे असतील, तेव्हा शिकविण्याच्या तयारीने जाऊ नका.

शिक्षकांना माझी विनंती अशी की, हजेरीपटावर किंवा तोंडी यादीत ‘आश्रमातील मुले’ असा स्वतंत्र गट करू नये, आणि पाहुणे आले की त्यांना उभे करू नये. आमच्या खात्याकडून छायाचित्रकार आला, तर त्यालाही हे निःसंकोच सांगावे.

प्रायोजकत्वाच्या अर्जांचे नमुने दाराजवळच्या मेजावर ठेवले आहेत. जोडावयाच्या दाखल्यांची यादी प्रत्येक अर्जाच्या मागे छापली आहे. प्रत्येक चर्चच्या प्रतिनिधीने किमान पाच नमुने बरोबर न्यावेत, आणि ज्यांना भरताना अडचण येईल त्यांनी कचेरीच्या वेळेत केव्हाही यावे. आजीला घेऊन आलात तर बसायला खुर्ची मिळेल.