भोवऱ्याची आर



पत्रिकेत माझा विषय ‘फिरत्या यंत्रांचा समतोल’ असा छापलाय. टर्बाइनच्या रोटरचं वजन मध्यापासून जरासं जरी सरकलं, तरी तो हादरू लागतो. वेग दुप्पट केला की हादरवणारं बल चौपट होतं. या एका गोष्टीवर माझी सगळी नोकरी झाली. पण ती मी शिकलो इथे, या शाळेच्या पटांगणाकडेच्या चिंचेखाली.

विकतच्या भोवऱ्याची आर आम्ही उपटून टाकायचो. जाड खिळा ठोकायचा, त्याचं डोकं उडवायचं आणि दगडावर घासून टोक काढायचं. खिळा तिरका बसला की भोवरा थरथरायचा, हातजाळीला घेतला की तळवा सोलवटायचा. मग खिळा काढा, पुन्हा ठोका. बरोबर मध्यावर बसला की भोवरा एका जागी असा घुमायचा, की खेळ थांबवून सगळे बघत राहायचे! विटीची टोकं कोयत्याने तासायचो. बेचकीला पेरूची फांदी आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी. रबर किती ताणलं की गोटी कुठवर जाते, हे कुणी फळ्यावर लिहून दिलं नव्हतं.

पुढच्या रांगेतल्या आईबाबांनो, मुलांच्या हातात हत्यार द्या. खोटं, प्लॅस्टिकचं नको. धार असलेलं द्या. जवळ उभे राहा, पण हिसकावून घेऊ नका. नायलॉन मांजाची गोष्ट वेगळी. तो रस्त्यावरून जाणाऱ्याचा गळा कापतो. 2017 साली हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, ती योग्यच. पण स्वतःचा अंगठा ठेचून घेण्याचा हक्क मुलांना हवा. 1943 साली, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एमड्रुप भागात मुलांसाठी एक मैदान उघडलं. तिथे घसरगुंडी-झोपाळ्यांऐवजी फळ्या, विटा आणि हातोडे होते. मुलांनी त्यातून स्वतःची घरं उभारली. युद्धाच्या दिवसांत तिथल्या मोठ्यांनी मुलांवर एवढा विश्वास टाकला; आपल्याला कसली भीती वाटते?

कोपराला पट्टी बांधलेला तो मुलगा, हो, तूच. काय करताना लागलं, ते कार्यक्रमानंतर मला येऊन सांग.

आणि मुख्याध्यापक बाई, सुतारकामाच्या खोलीला कुलूप दिसलं. करवती, पटाश्या, कानशी मी देतो. दर शनिवारी दुपारी मुलांबरोबर उभा राहायला येतो. किल्ली तेवढी काढून ठेवा.