गाडगे : मातीच्या भांड्याचे आडनाव

(हिवरखेड येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आपल्या गावाच्या नावातच एक झाड उभे आहे. हिवर हे वऱ्हाडच्या कोरड्या मातीतले काटेरी झाड. त्याच्यावरून गावाला नाव मिळते आणि गावावरून माणसांना आडनाव. आपल्या आडनावांच्या जन्मकथा साधारण अशाच असतात. ‘कर’ लागले की ते गाव सांगते; देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही आडनावे वतन सांगतात; सुतार, सोनार ही व्यवसाय सांगतात. या तिन्हींच्या पलीकडे घरातल्या एखाद्या साध्या वस्तूवरून आलेली आडनावेही आहेत. त्यांतल्याच एका आडनावाविषयी आज बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी अकोल्यात एका कार्यक्रमानंतर महाविद्यालयातली एक मुलगी मला भेटली. आडनाव गाडगे. ती म्हणाली, “सर, हजेरी घेताना वर्गात हसू फुटतं. राजपत्रात देऊन आडनाव बदलावं, असं घरी चाललं आहे. तुम्हाला काय वाटतं?” त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

गाडगे म्हणजे मातीचे लहान भांडे. त्यात दही लागते, मीठ राहते, आणि आजीची चार नाणीही त्यातच सुरक्षित असत. संक्रांतीचे सुगड, अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने भरलेली घागर आणि अखेरच्या प्रवासातले मडके ही सगळी याच गाडग्याची भावंडे. जन्मभर सोबत करणाऱ्या या मातीला आपण हलके मानावे, हे नवल आहे. पूर्वी स्वयंपाकघरात गाडग्या-मडक्यांची उतरंड असे. पुढे ‘उतरंड’ हा शब्द आपण जातींसाठी वापरू लागलो. आडनाव विचारताना पुष्कळदा आपल्याला माणूस जाणून घ्यायचा नसतो; त्या उतरंडीतली त्याची जागा हेरायची असते. त्या मुलीच्या वर्गातल्या हसण्याचे मूळही कदाचित तिथेच असेल.

आता याच मातीतल्या एका माणसाकडे पाहू. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. बालपण आपल्या अकोला जिल्ह्यातील दापुरे या आजोळी, गुरे राखण्यात आणि शेतीत सरले. शाळा अशी झालीच नाही. जानोरकर हे त्यांचे वडिलोपार्जित आडनाव. पण ते आज किती जणांना ठाऊक आहे?

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि जवळ एक गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातूनच पाणी प्यायचे आणि ऊन लागले की तेच डोक्यावर पालथे घालायचे. लोकांनी कुठे चिंधेबुवा म्हटले, कुठे गोधडे महाराज. टिकले ते मात्र ‘गाडगे’. हे नाव त्यांना वारशाने मिळाले नव्हते, त्यांनी ते मागितलेही नव्हते. समाजाने ते त्यांच्या हातातल्या भांड्यावरून वाचले.

या नावाचा पुढचा प्रवासही वेगळा आहे. आडनाव बापाकडून मुलाकडे जाते. हे नाव मात्र धर्मशाळांकडे, सदावर्तांकडे, शाळांकडे गेले. बाबांनी संस्था उभ्या केल्या, पण त्यांत स्वतःच्या कुटुंबासाठी हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर तरुणपणी त्यांच्या सहवासात राहिले आणि पुढे त्यांनी बाबांचे चरित्र लिहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीपाशी, प्रवासातच बाबांनी देह ठेवला.

त्यानंतरही हे नाव कामाला लागलेलेच आहे. २०००-०१ मध्ये राज्याने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, ते संत गाडगे बाबांच्या नावाने. २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाचे नामकरण ‘संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ’ असे झाले. ज्याने शाळेची पायरी चढली नाही, त्याचे नाव अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या पाच जिल्ह्यांतल्या पदव्यांवर आले.

म्हणून त्या मुलीला मला सांगायचे आहे : बाई, आडनाव बदलायचे की ठेवायचे, हा सर्वस्वी तुझा अधिकार. परंतु लाजेने बदलू नकोस. हजेरीच्या वेळी जे हसले, त्यांच्याही पदवीवर ‘गाडगे’ हा शब्द छापलेला असणार आहे आणि ती पदवी ते चौकटीत घालून घरात लावणार आहेत.

आणि आपण, जे हजेरी घेतो, ओळख करून देतो, सोयरिकी जुळवतो, त्या सर्वांसाठी एकच विनंती. उद्या कोणाचे आडनाव कानी पडले, तर ते उतरंडीत कुठे बसते हे शोधू नका. त्या माणसाच्या हातात कोणते काम आहे, एवढे पाहा. जानोरकरांच्या डेबूजीला वऱ्हाडने असेच ओळखले होते.