शिवणीतील माया



मोटारींच्या शर्यतीवर व्याख्यान कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. आमचे उत्तर एवढेच, की नियम बदलले म्हणजे माणसे कशी वागतात, हे या शर्यतीत उघड्यावर पाहावयास मिळते.

फॉर्म्युला वनमध्ये १९८३ साली गाडीचा तळ सपाट असावा असा नियम झाला. २०२२ साली तो उलटला आणि तळाशी हवेचे बोगदे ठेवण्यास पुन्हा मुभा मिळाली. बोगद्यातून हवा वेगाने वाहिली की तेथील दाब घटतो, गाडी रस्त्याकडे ओढली जाते आणि वळणावर घट्ट धरून राहते. परंतु ती फार खाली गेली तर हवेची वाटच कोंडते, ओढ सुटते, गाडी वर उसळते. हवा पुन्हा वाहू लागते, गाडी पुन्हा खाली! त्या वर्षीच्या चाचण्यांत कित्येक गाड्या सरळ रस्त्यावर अशा उड्या मारताना जगाने पाहिल्या.

मर्सिडीजने २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे संघाचे अजिंक्यपद मिळविले होते. त्यांनी गाडीच्या कुशी अगदी चिंचोळ्या केल्या. कल्पना धाडसी होती; पण २०२२ च्या हंगामात एकच शर्यत हाती लागली. तरीही पुढील वर्षी तीच कल्पना त्यांनी कायम ठेवली, आणि २०२३ च्या मे महिन्यात, मोनॅकोला, ती सोडली. कुशी बदलल्या, परंतु सांगाडा आणि चालकाची बैठक काही हंगामाच्या मध्यात हलविता येत नाही. खर्चालाही २०२१ पासून मर्यादा आहे; नवी गाडी बांधू म्हणण्याची सोय उरलेली नाही.

त्याच २०२३ साली मॅक्लारेनला पहिल्या दोन शर्यतींत एकही गुण मिळाला नाही. गाडी मनासारखी झालेली नाही, हे त्यांनी हंगामापूर्वीच कबूल केले होते. जुलैत ऑस्ट्रियाला त्यांनी तळ व कुशी बदलल्या. पुढच्याच शर्यतीत, सिल्व्हरस्टोनला, नॉरिस दुसरा आला. २०२४ साली संघाचे अजिंक्यपद त्यांच्याकडे गेले, १९९८ नंतर प्रथमच.

आमच्या लहानपणी शिंपी वाढत्या मुलाच्या सदऱ्याला शिवणीत माया ठेवीत असे. गाडीतही अशी माया ठेवावी लागते. ती फुकट मिळत नाही. शर्यतीच्या गाडीत एकेका किलोचा हिशेब असतो, आणि बदलाला ठेवलेली जागा वजन मागते. म्हणून आजची गाडी सर्वांत वेगवान करावी की उद्याची चूक दुरुस्त करता येईल अशी, हा प्रश्न कारखान्यात दर वर्षी उभा राहतो.

२०२६ च्या नियमांनी तो पुन्हा उभा केला आहे. किमान वजन ७६८ किलो, रुंदी १९०० मिलिमीटर, चालत्या गाडीत हलणारे पंख आणि जवळजवळ निम्मी शक्ती विजेची!

आमचे मत विचाराल तर असे: नवा नियम पहिल्याच दिवशी पुरता कोणालाच कळत नाही. म्हणून कापड बेतताना थोडी माया ठेवावी. पण नुसती माया पुरत नाही. सदरा आखूड झाला हे वेळेवर कबूल करणारा माणूसही घरात असावा लागतो.