मोजायचं कोणाला? : नागपूरची फूट आणि कामगार महासंघांचं राजकारण



कामगार महासंघांवर बोलायचं म्हटलं की वक्ते मुंबई-कलकत्त्यापासून सुरुवात करतात. मी नागपुरापासून करतो. नरखेडहून सकाळच्या गाडीनं जाऊन कोर्टकचेरी आटोपून रात्री घरी येता येतं, अशा या आपल्या शहरात देशातल्या पहिल्या कामगार महासंघात उभी फूट पडली. नऊ वर्षांनी ती सांधायला मंडळी पुन्हा तिथंच जमली.

अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत स्थापन झाली. लाला लजपतराय अध्यक्ष होते. आदल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली होती आणि तिथं भारतीय कामगारांच्या वतीनं कोण बसणार, हे सरकार परस्पर ठरवत होतं. ते आम्ही ठरवू, असं म्हणायला देशपातळीवरची एक संस्था हवी होती. कामगार कोणाचा आणि त्याच्या नावानं बोलणार कोण, हा झगडा असा जन्मापासूनचा आहे.

१९२९ च्या नोव्हेंबरअखेर नागपूरला दहावं अधिवेशन भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. महिन्याभरात त्यांना लाहोर काँग्रेसचंही अध्यक्षपद भूषवायचं होतं. वादाचा मोठा मुद्दा होता व्हिटले आयोगाचा. ब्रिटिश सरकारनं कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला तो नेमला होता. डाव्यांनी बहिष्काराचा ठराव आणला. आता गंमत पाहा : आयोगाचे सदस्य असलेले ना. म. जोशी आणि दिवाण चमनलाल हे दोघे आयटकचेच पुढारी. म्हणजे ठराव सरकारविरुद्ध, पण फटका आपल्याच घरच्या माणसांना. जोशी हे भारत सेवक समाजाचे, शांत, कागदावर पक्के. आयोगासमोर साक्षी-पुरावे आले तरच कायदे होतील, असं त्यांचं गणित. समोरच्यांचं म्हणणं, राज्यकर्त्यांच्या चौकशीत बसणं म्हणजेच त्यांना मान्यता देणं.

हे झालं तात्त्विक भांडण. पण ठराव मतांवर होतात आणि मतं सभासदसंख्येवर. मुंबईच्या गिरणी कामगार युनियननं १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपानंतर ५४ हजार सभासदांचा आकडा गाठला होता. पुढं मार्च १९२९ मध्ये तिचे पुढारी डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर मीरत कटाच्या खटल्यात आत गेले आणि त्या वर्षीचा दुसरा संप फसला. तरी नागपुरात त्या युनियनचं वजन डाव्यांच्या पारड्यात पडलं. बहिष्कार मंजूर झाला. जोशी, व्ही. व्ही. गिरी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, त्यांनी वेगळं फेडरेशन काढलं. माझं मत विचाराल तर आयोगाच्या बाबतीत जोशी बरोबर होते. आयोगाचा अहवाल पुढं कितीतरी कामगार कायद्यांना उपयोगी पडला. पण मतांत हरल्यावर घर सोडायचं, हा पायंडाही तिथंच पडला. दोन वर्षांनी कलकत्त्याला आयटक पुन्हा फुटली, तेव्हा बाहेर पडणारे कम्युनिस्ट होते!

१९३८ च्या एप्रिलमध्ये नागपुरात समेट झाला. दोन्ही बाजूंना सारखं प्रतिनिधित्व, आणि राजकीय प्रश्न किंवा संपाचा निर्णय तीनचतुर्थांश बहुमताशिवाय नाही, अशा अटी. पूर्ण विलीनीकरण १९४० मध्ये झालं आणि जोशी पुन्हा सरचिटणीस झाले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हे सगळं विस्कटलं. मे १९४७ मध्ये काँग्रेसची इंटक निघाली. डिसेंबर १९४८ मध्ये हावड्याला समाजवाद्यांची हिंद मजदूर सभा निघाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले आपल्या नागपूरचे रा. स. रुईकर. एम्प्रेस आणि मॉडेल मिलच्या कामगारांत आयुष्य घातलेला हा माणूस आज नागपुरात किती जणांना आठवतो, कुणास ठाऊक.

दुसरा माणूस आपल्या शेजारच्या आर्वीचा. दत्तोपंत ठेंगडींचा जन्म १० नोव्हेंबर १९२० चा, आयटकपेक्षा दहा दिवसांनी धाकटे! त्यांनी आधी इंटकमध्ये काम केलं, मग २३ जुलै १९५५ ला, टिळकजयंतीच्या दिवशी, भोपाळला भारतीय मजदूर संघ काढला. हाताशी सभासद जवळपास नव्हतेच. पहिलं अखिल भारतीय अधिवेशन भरायला १९६७ उजाडलं. पुढं सरकारी पडताळणीत, ३१ डिसेंबर १९८९ ही तारीख धरून, हाच संघ पहिल्या क्रमांकावर निघाला. त्यांचे विचार पटोत न पटोत, ती चिकाटी मानावी लागते. आणि आपल्याच विचारांचं सरकार दिल्लीत असताना त्याच्या आर्थिक धोरणावर ठेंगडी जाहीर तुटून पडत, हेही विसरू नये.

एवढी फाटाफूट असूनही मे १९७४ च्या रेल्वे संपात वीस दिवस समाजवादी, कम्युनिस्ट आणि मजदूर संघ एका बाजूला होते. इंटकची रेल्वे संघटना विरोधात होती. नागपूर-इटारसी मार्गावर राहणाऱ्या आपल्याला त्या संपाचा अर्थ समजवायला नको. हातोडा घेऊन रुळाच्या चाव्या ठोकत जाणारा कीमन कामावर आला नाही, तर गाडी कोणत्या भरवशावर सोडणार?

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कारखान्यातल्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असेल तीच युनियन वाटाघाटीला बसेल. तेवढा कोणाचाच नसेल, तर किमान २० टक्के असलेल्यांची परिषद. म्हणजे पुन्हा मोजणीच, फक्त आता हजेरीपटावरची. त्या लागू होण्याआधी त्यांच्याविरुद्ध दहा महासंघांनी ९ जुलै २०२५ ला संप केला, मजदूर संघ बाहेर राहिला. त्यामागे ना. म. जोशींची आठवण असेल, असं नाही; पण आत बसून मिळवायचं की बाहेरून अडवायचं, हा पेच अजून तसाच आहे.

पण आपल्या नरखेड तालुक्यात हजेरीपट आहे कोणाकडं? रेल्वे, एसटी, वीज, शाळा. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंनी लढून काही मिळवलं. संत्र्याच्या बगीच्यात मात्र आंबिया बहार असो की मृग, सौदा शेतकरी-व्यापाऱ्यात होतो, तोडणीची टोळी व्यापाऱ्याची असते, आणि शिडीवरून पडलेल्या माणसाचा मालक कोण, हे विचारलं की दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. कापूस वेचणाऱ्या बाईचा तर मालक दर आठवड्याला बदलतो. तिच्या बाबतीत ५१ टक्के कशाचे काढायचे?

एक मालक नसलेल्यांसाठी महाराष्ट्रानं १९६९ मध्येच माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीतून तो आला. काम देणाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळाकडं भरायची, मंडळ ती कामगाराला देतं, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा सांभाळतं. बाजार समितीतल्या हमालाला याचा उपयोग होतो. तोडणीच्या टोळीलाही असंच मंडळ हवं, ही मागणी घेऊन एखादा महासंघ नरखेडला आला तर झेंड्याचा रंग विचारू नका. लेव्ही मात्र ट्रक भरतानाच वसूल करायची अट घालायला सांगा. माल उचलल्यावर व्यापारी फोन उचलत नाही, हे इथल्या शेतकऱ्यालाही चांगलं ठाऊक आहे.