परिषदेसाठी विषय निवडताना



तंत्रज्ञानविषयक परिषद म्हणजे शास्त्रज्ञांचा व अभियंत्यांचा मेळावा, ही समजूत आता मागे पडली आहे. २०२५ सालच्या राष्ट्रीय ई-शासन पुरस्कारांत ग्रामपंचायतींच्या पातळीवरील उपक्रमांसाठी नवा विभाग ठेवण्यात आला आणि त्यातील सुवर्ण पुरस्कार धुळे जिल्ह्यातील रोहिणी ग्रामपंचायतीस मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथे भरलेल्या अठ्ठाविसाव्या राष्ट्रीय ई-शासन परिषदेत या पुरस्कारांचे वितरण झाले. सरपंच, शिक्षक वा तालुक्याचा अधिकारी अशा व्यासपीठावर उभा राहू शकतो, हे यावरून स्पष्ट व्हावे. साहजिकच त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो : बोलावे कशावर?

नवख्या वक्त्याला सामान्यतः मोह होतो तो भव्य विषयाचा. ‘ग्रामविकासात माहिती तंत्रज्ञानाचे स्थान’ असे शीर्षक भारदस्त वाटते; परंतु पंधरा मिनिटांत त्यातून श्रोत्याच्या हाती काही लागत नाही. याउलट, ‘कष्टकऱ्यांच्या झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राने ओळखले नाहीत तर शिधावाटप कसे चालू ठेवावे’ हा विषय दिसावयास लहान आहे. पण शिधावाटप दुकानात ज्याने असा प्रसंग निभावून नेला आहे, त्याच्यापाशी त्याविषयी सांगण्यासारखे काही निश्चित असते आणि परगावच्या श्रोत्याला ते हवे असते.

लहान विषय म्हणजे क्षुद्र विषय नव्हे. याचे उत्तम उदाहरण संगणकाच्या इतिहासातच सापडते. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या संगणक परिषदेत डग्लस एंगेलबार्ट या संशोधकाने सुमारे एक हजार श्रोत्यांपुढे नव्वद मिनिटांचे प्रात्यक्षिक सादर केले. मानवी बुद्धीची कार्यक्षमता वाढविण्यासाठी संगणकाचा उपयोग कसा करावा, हा त्यांच्या संशोधनाचा व्यापक विषय होता. परंतु त्यावर केवळ प्रबंध न वाचता त्यांनी प्रत्यक्ष काम करून दाखविले. त्यासाठी घेतलेल्या उदाहरणांपैकी एक होते बाजारातून आणावयाच्या वस्तूंच्या यादीचे! ही यादी पडद्यावर लिहिली गेली, तिची वर्गवारी झाली, क्रम बदलला. आज सर्वपरिचित असलेला ‘माऊस’ तेथे जाहीरपणे दाखविण्यात आला आणि दूरच्या मेन्लो पार्क येथील सहकाऱ्यांशी पडद्यावरून संवादही साधण्यात आला. सारी यंत्रणा ऐन वेळी बंद पडण्याचा धोका होताच. तो पत्करूनच हे सादरीकरण झाले. मोठा विचार परिचित कामाच्या रूपाने पुढे ठेवला म्हणजे श्रोत्याला तो पटतो, हा त्यातील बोध होय.

विषय निश्चित करण्यापूर्वी वक्त्याने स्वतःस तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. पहिला, हे काम त्याने स्वतः केले आहे काय? ऐकीव माहिती पहिल्याच शंकेला उघडी पडते. दुसरा, परिषदेहून परतल्यावर श्रोता त्यातील कोणती गोष्ट आपल्या गावी करू शकेल? याचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर विषय अद्याप पक्व झालेला नाही असे समजावे. तिसरा प्रश्न अवघड आहे : त्यात फसले काय, हे सांगण्याची तयारी आहे काय?

या तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. सभागृहात बसलेला पंचायत सदस्य यशाची कथा ऐकून गावी जातो, ठराव मांडतो आणि गावाचा पैसा त्या कामी खर्ची पडतो. वीज गेल्यावर यंत्र किती वेळ चालते, दुरुस्तीसाठी माणूस कोठून येतो, पहिल्या वर्षानंतर खर्च कोण सोसतो, हे वक्त्याने सांगितलेले नसेल तर तीच चूक दुसऱ्या गावी नव्याने होते आणि तिची किंमत तेथील करदात्याला मोजावी लागते. वक्त्याने दडविलेले अपयश असे दुसऱ्याच्या माथी बसते. म्हणून फसलेल्या प्रयोगाची प्रामाणिक हकीकत हाही परिषदेला योग्य असा विषय आहे.

निवड समितीनेही विषयाची पारख भारदस्त शब्दांवरून करू नये. अर्थात समितीचा निर्णय म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेतील टिम बर्नर्स-ली व रॉबर्ट कायो यांनी ‘वर्ल्ड वाइड वेब’संबंधीचा आपला निबंध १९९१ साली अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथील परिषदेकडे पाठविला. तो नाकारण्यात आला. केवळ प्रात्यक्षिक दाखविण्याची मुभा मिळाली. ते तेथे गेले आणि त्यांनी आपले काम दाखविले. १९९३ साली याच परिषदमालेचे अधिवेशन सिअ‍ॅटल येथे भरले, तेव्हा तेथील बहुतेक प्रात्यक्षिकांचा वेबशी संबंध होता. पुढे मे १९९४ मध्ये वेबविषयाला वाहिलेली पहिली आंतरराष्ट्रीय परिषद ‘सर्न’ येथेच भरली.

तात्पर्य, ज्याचा निबंध परत येईल त्याने खचून जाण्याचे कारण नाही. काम खरे असेल तर ते दाखविण्याची दुसरी संधी शोधता येते. मात्र दाखविण्यासाठी आधी काम झालेले असावे लागते. परिषदेचे निमंत्रण आल्यावर विषय शोधू लागणाऱ्यास तो क्वचितच सापडतो. शाळेच्या, दप्तराच्या वा पंचायतीच्या रोजच्या कामात जी अडचण आली आणि ती दूर करण्यासाठी जे केले, त्याची तारीखवार नोंद ज्याने ठेवली आहे, त्याचा विषय त्या नोंदवहीत आधीच तयार असतो.