तीन टक्क्यांचा हिशेब



संगणक व्यावसायिकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे. अध्यक्षाने धंद्याच्या सगळ्या बाजूंचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुले भेटोत की लातूरची, हा प्रश्न निघतोच: विंडोज आणि अँड्रॉइड सोडून लिनक्स, मॅक अशा कमी चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी गेम काढणे परवडते का?

माझे उत्तर सरळ आहे. तेवढ्याच बाजारावर दुकान थाटले तर परवडत नाही. पण गेमची पहिली ओळ लिहिताना तो बाजार ध्यानात धरला, तर परवडते. आणि आपल्यासारख्या थोड्या भांडवलाच्या माणसांनी तो सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

आधी पहिली बाजू. १९९८ मध्ये अमेरिकेत लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली. विंडोजवर गाजलेल्या गेमचा परवाना घ्यायचा आणि तो गेम लिनक्सवर आणून विकायचा, हा तिचा धंदा. ‘सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर’, ‘क्वेक थ्री’ असे नावाजलेले गेम तिने आणले. कामही चोख होते. तरी २००१ च्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला आणि २००२ च्या जानेवारीत टाळे लागले. लिनक्स वापरणाऱ्या पुष्कळांच्या संगणकावर विंडोजही असे, आणि ज्याला गेमची खरी ओढ, तो आधीच तिथे घेऊन खेळून मोकळा झालेला असे. उशिरा येणाऱ्या मालाला गिऱ्हाईक कुठून मिळणार? त्यानंतरही मोठ्या कंपन्यांनी हात आखडते घेतले आहेत. ‘रॉकेट लीग’ने मार्च २०२० मध्ये मॅक आणि लिनक्स दोन्ही सोडले, तिथले खेळाडू ०.३ टक्क्यांहून कमी, असे कारण कंपनीने दिले.

आता आपला हिशेब मांडून बघू. समजा, तुमच्या गेमच्या २,००० प्रती ३०० रुपयांनी खपल्या. लिनक्सवाले त्यात ३ टक्के धरा. म्हणजे ६० प्रती, १८,००० रुपये. स्टीमसारखे गेमचे ऑनलाइन दुकान ३० टक्के कापून घेते. हाती १२,६०० राहतात, कर वेगळाच. गेम विंडोजवर पुरा झाल्यावर तो लिनक्सवर बसवायला २५,००० पगाराचा मुलगा महिनाभर गुंतला, तर पदरचे गेले. तेच काम दोन दिवसांत उरकले, तर खर्च जाऊन दहा हजारांवर उरतात. गिऱ्हाइके तेवढीच, किंमत तीच. बदलला तो फक्त कामाचा वेळ. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. तुरीसाठी वेगळी नांगरट नसते, पण ओळ पेरणीच्या वेळीच सोडावी लागते.

हा वेळ नेमका कुठे जातो, ते एका उदाहरणाने दाखवतो. समजा, कंधारच्या किल्ल्यावर एक गेम आहे. दरवाज्याच्या चित्राच्या फाइलचे नाव इंग्रजीत देताना पहिले अक्षर कॅपिटल लिहिले, आणि कोडमध्ये तेच नाव सगळे लहान अक्षरांत. विंडोज दोन्ही नावे एकच मानते, सगळे सुरळीत चालते. लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटतात. खेळाडू चालत चालत तटापाशी येतो, आणि दरवाजा असायला हवा तिथे काहीच नसते. अशा दोनशे फाइली गेमभर विखुरल्या, की महिना जातो. नावे सगळी लहान अक्षरांतच ठेवायची, फाइलचा पत्ता विंडोजच्या धाटणीने ठोकून द्यायचा नाही, एकाच यंत्रणेवर चालणारी लायब्ररी उचलायची नाही आणि दर आठवड्याला लिनक्सवर एकदा गेम उघडून बघायचा. एवढी शिस्त पाळली तर बरेचसे काम दोन-चार दिवसांत आटोपते. एकाच प्रकल्पातून अनेक यंत्रणांसाठी गेम काढून देणारी गोडोसारखी इंजिने आज फुकट मिळतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आठवा. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निंटेंडो स्विचवर आला, ज्या यंत्राची आपल्याकडे अधिकृत विक्रीसुद्धा नव्हती. ऑक्टोबरात तो संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर पोहोचला. लहानशा चमूला हे जमले, त्यात अनरियल इंजिनचा वाटा मोठा आहे.

पैशाइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट या थोड्या लिनक्सवाल्यांकडून मिळते. ‘डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न’ हा पोलंडमधल्या एका माणसाचा गेम. २०२१ मध्ये त्याने आपले आकडे उघड केले. १२,००० हून थोड्या अधिक प्रती खपल्या होत्या आणि त्यातल्या सुमारे ७०० लिनक्सवाल्यांनी घेतल्या होत्या, म्हणजे ५.८ टक्के. पण चुका कळवणाऱ्या १,०४० पत्रांपैकी जवळपास ४०० त्यांची होती. वरवर पाहणारा म्हणेल, ही तर कटकट. त्याने नीट तपासले, तेव्हा या ४०० पैकी फक्त ३ चुका लिनक्सपुरत्या निघाल्या. बाकीच्या सर्वांनाच छळत होत्या. बाकीचे कळवत नव्हते एवढेच. शिवाय लिनक्सवाल्यांची पत्रे तपशीलवार असत: काय केले, कुठे अडले, यंत्राने काय नोंदवले. पगारी तपासनीस ठेवण्याची ऐपत आपल्यापैकी किती जणांची आहे?

हे लोक पैसे देत नाहीत, सगळे फुकटच हवे असते, हा समजही टिकत नाही. मे २०१० मध्ये ‘हम्बल इंडी बंडल’ निघाले, ‘द्याल ती किंमत’ या बोलीवर. लिनक्सवाल्यांनी सरासरीने विंडोजवाल्यांच्या दीडपटीहून अधिक पैसे दिले.

याउलट आपल्या खेड्यांनी काय पाहिले? जुलै २०१७ मध्ये जिओफोनची घोषणा झाली, १,५०० रुपये अनामत. त्यात कायओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, मोझिलाने सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसची वारस. लोहा, निलंगा, औसा या तालुक्यांत हा फोन खिशाखिशात दिसू लागला. गिऱ्हाईक अफाट, पण पडदा २.४ इंचांचा, रॅम ५१२ एमबी, आणि गेमवर पैसे खर्चायची कुणाला सवय नाही. मिळकत जाहिरातीच्या पैशांवर. २०२४ मध्ये व्हॉट्सॲपनेही कायओएसवर नव्याने उतरवून घेणे बंद केले. म्हणून मुलांना माझे सांगणे असते की यंत्रणा किती लोकांच्या हातात आहे यावर भुलू नका, त्यातले किती जण पैसे मोजतात ते पाहा.

मॅकबद्दल थोडक्यात. ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर भरायचे, वर त्यांचेच यंत्र विकत घ्यायचे. मॅकच्या २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीने ३२-बिटचे सगळे जुने गेम एका फटक्यात बंद केले. पहिल्याच गेमला हा खर्च करू नये, असे मी म्हणेन.

लिनक्सचे चित्र मात्र पालटते आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणले. त्याच्या आधाराने विंडोजचे पुष्कळसे गेम लिनक्सवर जसेच्या तसे चालतात. २०२२ मध्ये त्याच पायावर स्टीम डेक हे हातात धरायचे यंत्र आले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या पाहणीत लिनक्सने प्रथमच ३ टक्के ओलांडले. विंडोजचीच आवृत्ती प्रोटॉनवर नीट चालत असेल, तर वेगळी आवृत्ती न काढलेलीही चालेल. पण ती चालते की नाही, हे स्वतः पाहिल्याशिवाय विकू नका.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. मराठीत गेम करायला बसलेल्या मुलाला विचारा, पडद्यावर ‘किल्ला’ हा शब्द उमटवताना पूर्वी काय होई. पहिली वेलांटी क सोडून त्याच्या पुढे जाऊन बसे, आणि ‘ल्ला’ फुटून पाय मोडलेला ल वेगळा पडे. गोडोमध्ये वर्षानुवर्षे असेच होत होते. मार्च २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली, तिच्यात हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी घेतली गेली आणि देवनागरी नीट दिसू लागली. ही लायब्ररी लिनक्सच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत वाढली आणि आज अँड्रॉइडमध्येही तीच आहे. ‘एवढ्या थोड्या लोकांसाठी कोण करतो’ असे त्यांनी म्हटले असते, तर आपली वेलांटी अजून भटकत राहिली असती. मोठ्या कंपन्यांच्या यादीत मराठी खेळाडू हासुद्धा थोड्यांतलाच आहे. आपण जो हिशेब लिनक्सवाल्याला लावू, तोच आपल्याला लावला जातो.

म्हणून या परिषदेपुढे एक प्रस्ताव ठेवतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. आपल्या संगणक वर्गांत विंडोज ११ न पेलणारी कितीतरी यंत्रे धूळ खात पडतील. त्यातली चांगली निवडून त्यांवर लिनक्स बसवावे, आणि नांदेडला एक व लातूरला एक अशा दोन तपासणी-खोल्या सुरू कराव्यात. ज्याचा गेम तयार होत असेल, त्याने तो तिथे आणून सोडावा. शनिवार-रविवारी विद्यार्थ्यांनी तो खेळावा आणि काय बिघडले ते मराठीत, तपशीलवार लिहून द्यावे. चुका हुडकून देणाऱ्या मुलांची नावे गेमच्या श्रेयनामावलीत यावीत आणि त्यांना मानधनही मिळावे; फुकट राबवून घेणे मला मान्य नाही. जागा कोण देणार, वीजबिल कोण भरणार आणि मानधनाचा निधी कसा उभा करायचा, या तीन गोष्टी दुपारच्या सत्रात ठरवाव्यात, अशी विनंती करतो. माझ्याकडची चार यंत्रे मी आजच देत आहे.